ज्ञानोबाच्या टँकरचं मीटर

गॅरेजच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला लोक विचारतात, इतके किस्से तुम्हाला आठवतात कसे? आठवावे लागत नाहीत हो. स्क्रू-ड्रायव्हर शोधायला ड्रॉवर उघडावा आणि हाताला भलतंच काहीतरी लागावं, तसं होतं. स्पीडोमीटरचा विषय निघाला की माझ्या हाताला ज्ञानोबाचा टँकर लागतो, आणि मग स्क्रू-ड्रायव्हर बाजूलाच राहतो.

तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि दुष्काळ पडला होता. नांदेडला ट्रकच्या गॅरेजांच्या रांगेत रशीदचाचांचं मीटर दुरुस्तीचं दुकान होतं. चाचा मूळचे घड्याळजी. ट्रक वाढले तसे ते मीटरकडे वळले, पण डोळ्याला लावायचं ते छोटं भिंग काही सुटलं नाही. त्यांच्या शेजारी माझी टपरी, हॉर्न आणि वायरिंगची. आणि तिसरा ज्ञानोबा. हा उमरीचा, माझा शाळासोबती. तो रोज येऊन आमच्या बाकावर बसायचा, कारण त्याची गाडी तिथंच उभी असायची.

ज्ञानोबानं जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या. आज हैदराबाद, उद्या आणखी कुठं. घरी जायचा तो पाहुण्यासारखा. त्याची धाकटी पोरगी त्याला पाहून आईच्या मागं लपायची, हे तो हसत सांगायचा, पण सांगताना खाली बघायचा. आता त्यानं जुना का होईना, स्वतःचा ट्रक घेतला होता आणि मागचा सगळा हौदा काढून त्यावर पाण्याची टाकी चढवली होती. लातूर जिल्ह्यात गावोगाव पाणी पोचवायला टँकर पाहिजे होते. तिथल्या साहेबांनी गाडी पास केली की रोज संध्याकाळी घरी. नाही केली तर पुन्हा हैदराबाद.

साहेब तीन गोष्टी बघायचे. ब्रेक, टाकी आणि मीटर. टँकर किती फिरला हे मीटरवरून ठरायचं, म्हणून मीटर खरं पाहिजे. ब्रेक चांगले होते, टाकी गळत नव्हती. राहिलं मीटर.

* * *

आता मीटर का बिघडलं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ट्रकचं मीटर रस्ता मोजत नाही. गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणारा जो दांडा असतो, त्याचे फेरे ते मोजतं आणि त्यावरून रस्ता किती झाला याचा अंदाज सांगतं. पाणी जड, वाटेत चढ. म्हणून ज्ञानोबानं गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा टाकला आणि मागचे गिअरही ओढीचे बसवले. गाडीला ताकद आली. पण आता तेवढ्याच रस्त्यात दांडा जास्त फिरायला लागला. मीटरला वाटलं, गाडी सुसाट निघाली.

त्या अवस्थेत ज्ञानोबानं एकदा सासऱ्यांना उमरीहून नांदेडला आणलं. गुरुद्वाऱ्याजवळ त्यांचं काही काम होतं. म्हातारा कधी ट्रकच्या केबिनमध्ये बसलेला नव्हता. पुढं काटा हलताना बघून त्यांनी विचारलं, "हे काय सांगतंय?"

"गाडी किती पळतीय ते, मामा."

झालं. म्हाताऱ्यानं रस्ता बघायचं सोडून दिलं आणि काट्यावर नजर लावली. काटा तिसाच्या पुढं गेला की ज्ञानोबाच्या मांडीवर हात. "जावईबापू, घरी लेकरं हायेत." ज्ञानोबा सांगून थकला की मामा, हे खोटं दाखवतंय. मामांचं एकच म्हणणं, "सरकारनं बसवलंय ते खोटं कसं आसंल?"

वाटेत दुधाच्या कॅना लावलेला एक सायकलवाला मागून आला, घंटी वाजवून पुढं गेला, आणि जाता जाता ओरडला, "ढकलायला थांबू का?"

सकाळी निघालेली मंडळी दुपार कलल्यावर आमच्या दुकानासमोर उतरली. चाचांनी म्हाताऱ्याला पाणी दिलं आणि गाडी कशी वाटली म्हणून विचारलं.

"गाडी झकास हाय," म्हातारा घाम पुसत म्हणाला, "पण पळती लई."

* * *

मग कुणीतरी ज्ञानोबाला चहाच्या गाड्यावर सांगितलं की टायर मोठं घातलं तर मीटर खाली येतं. सांगणारा खोटं बोलत नव्हता. मोठं टायर एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, त्यामुळे दांडा कमी फिरतो आणि मीटर कमी दाखवतं. पण अर्धी गोष्ट ऐकून कामाला लागणं हा ज्ञानोबाचा जुना स्वभाव. शाळेत गणितातही तो उदाहरण पूर्ण वाचायच्या आधी उत्तर लिहायचा.

गेला टायरच्या दुकानात. दुकानदार देगलूरकडचा, बोलण्यात तेलुगूची लकब. त्यानं विचारलं, "कोन्ता साइज?"

ज्ञानोबा म्हणाला, "मीटर बरोबर होईल तेवढा."

दुकानदारानं त्याला नखशिखांत न्याहाळलं. मग दुकानातली सगळ्यात मोठी जोडी दाखवली, जुनीच पण दणकट. ज्ञानोबानं पुढंही तीच घातली आणि मागंही. मीटर थोडं खाली आलं, हे खरं. पण पुढचं टायर वळताना मडगार्डला घासायला लागलं. गॅरेजमधून सरळ बाहेर पडली गाडी, आणि कोपऱ्यावर अशी काही किंचाळली की रिक्षावाले रिक्षा सोडून उतरले.

चाचा दुकानाच्या पायरीवर बसून बघत होते. म्हणाले, "ज्ञानोबा, साहेबकू बोल, मेरेकू सरळ रस्त्याचेच गाव होना."

पुढची टायरं परत जुनी आली. मागची मोठीच राहिली, कारण कच्च्या रस्त्याला ती बरी होती. मीटर अजूनही जास्तच दाखवत होतं. शेवटी चाचा उठले, हात धुतले आणि म्हणाले, "अब मेरे पास ला. घड्याळ मागं-पुढं झालं तर हात बदलतो का माणूस? घड्याळच दुरुस्त करतो ना?"

* * *

चाचांची पद्धत अशी. मीटरकडे जाणाऱ्या केबलच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं. ते बदललं की मीटर सुधारतं. पण कोणतं बसवायचं हे कळायला आधी बघावं लागतं, की गाडीचं चाक ठरावीक वेळा फिरलं तर केबल किती वेळा फिरते. म्हणून मागचं चाक जॅकवर उचललं, चाकाला खडूची खूण केली, केबलला दोरा बांधला. ज्ञानोबा चाक फिरवणार, मी आणि चाचा मोजणार.

मोजणी रंगात आली आणि चहावाला आला. "किती देऊ?"

चाचा म्हणाले, "तीन."

आणि पुढं चार, पाच, सहा असं मोजायला लागले. मी थांबवलं. पुन्हा सुरुवात. या खेपेला ज्ञानोबानंच मधे विचारलं, "किती झाले?" मी सांगितलं, चाचांनी वेगळं सांगितलं, आणि आमचं भांडण लागलं. चाचांनी भिंग कपाळावर चढवलं आणि फर्मान काढलं.

"एक जण मोजंल. बाकीचे गप बसतील. गप बसायचं काम लई कठीण है, ते गौतमकू देना."

गौतम म्हणजे मी. मी गप बसलो. चाचांनी मोजलं, ज्ञानोबानं फिरवलं, आकडा आला. तो आकडा बघून चाचांनी त्यांच्या डब्यातून एक दातेरी चाक शोधलं, घासलं, बसवलं. अगदी समाधानानं बिडी पेटवली. दुसऱ्याच दिवशी लातूरला गाडी दाखवायची तारीख होती.

मी आणि ज्ञानोबा निघालो. नांदेड सुटलं आणि काटा चढायला लागला. चढला, चढला, आकडे संपले तिथं जाऊन टेकला आणि तिथंच थरथरत बसला. गाडी आपली आरामात चाललेली. मी ज्ञानोबाकडे बघितलं.

"नवीन हाय," ज्ञानोबा म्हणाला, "बसंल हळूहळू." आणि त्यानं मीटरवर टॉवेल टाकला.

लातूरला नव्या ऑफिसात अजून खुर्च्या यायच्या होत्या, साहेब मात्र आले होते. वाघमारे साहेब. वयानं आमच्याहून लहान, बोलायला मऊ, पण नजर कडक. ते केबिनमध्ये बसले, टॉवेल उचलला, गाडी गावाबाहेर काढायला लावली. बराच वेळ काट्याकडे बघत राहिले.

"ज्ञानोबा," ते म्हणाले, "या मीटरच्या हिशेबानं आपण आता सोलापूर ओलांडलंय. तुम्हाला कुठं दिसतंय का सोलापूर?"

ज्ञानोबानं प्रामाणिकपणे खिडकीबाहेर बघितलं आणि सांगितलं, "न्हाई साहेब."

साहेबांनी पुढची तारीख दिली. तीच शेवटची, असंही सांगितलं. परतीच्या वाटेवर ज्ञानोबानं टॉवेल पुन्हा मीटरवर टाकला.

इकडे चाचा दोन दिवस सुन्न. जेवण गेलं नाही त्यांना. तिसऱ्या दिवशी दुपारची नमाज पढून येताना ते भर बाजारात थांबले. भाजीवाली म्हणाली, काय झालं चाचा? चाचा तडक गॅरेजात आले आणि दुसरा जॅक मागितला.

भानगड अशी होती. आमच्याकडे जॅक एकच, म्हणून आम्ही एकच चाक उचललं होतं. दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल असतं. एक चाक जमिनीवर अडकलेलं असलं की वरचं चाक दुप्पट फिरतं. म्हणजे आमची मोजणी निम्मी आली होती, आणि त्या निम्म्या मोजणीवर चाचांनी मीटर दुप्पट पळवलं होतं.

गॅरेजवाले हसले. साध्या पोरासोरांना माहीत असतं म्हणाले. चाचांनी मान खाली घातली नाही, वर केली.

"मैं घड्याळवाला," ते म्हणाले. "घड्याळकू डिफरन्शियल नसतं."

* * *

दोन्ही चाकं उचलून मोजणी झाली, नवं दातेरी चाक बसलं, आणि मग सुरू झाल्या ट्रायली.

चाचांनी अट घातली की ट्रायल भरल्या टाकीनं घ्यायची. भरल्या गाडीचं टायर दबतं, रिकामीचं फुगीर राहतं, मीटरमध्ये थोडा फरक पडतो. टँकर तर भरूनच धावणार. म्हणून एका ओळखीच्या विहिरीवरून टाकी भरली आणि लातूर रस्त्याला लागलो. ज्ञानोबा गाडी चालवणार, मी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड बघणार आणि चाचा मधे बसून मीटर. चाचांनी मांडीवर गजराचं घड्याळपण घेतलं होतं. कशाला, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दगड आणि मीटर जुळत होते. लोह्याच्या अलीकडे एका वाडीपाशी मी पुढचा दगड शोधत होतो, तर तो दिसेना. एक बाई त्याला टेकून बसली होती. शेजारी रिकाम्या घागरी. आमची गाडी हळू झालेली बघून ती उठली, आणि तिच्या मागं झाडाखालून आणखी बायका उठल्या.

"टँकर हाय का?" ती म्हणाली. "आमच्याकडं कुणी सांगितलंच न्हाई टँकर येनार म्हून."

ज्ञानोबा चाचांकडे बघायला लागला. हे पाणी वाटायचं नव्हतं, ते वजन होतं. चाचा मीटरकडे बघत राहिले. मग घड्याळ माझ्या हातात दिलं, खाली उतरले आणि मागची तोटी सोडली. स्वतः नळी धरून उभे राहिले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. एक म्हातारी त्यांना म्हणाली, "बाबा, किती दिसांनी वाजली रं घागर," आणि चाचांनी नळी तिच्या दुसऱ्या घागरीत धरली.

रिकामी गाडी घेऊन आम्ही परत आलो. ट्रायल अर्धीच झाली, असं चाचा म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकी भरली, पुन्हा तोच रस्ता, तीच वाडी. तिसऱ्या दिवशीही तेच. मीटर तर पहिल्याच दिवशी दगडाला दगड जुळलं होतं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी चाचा पुन्हा विहिरीकडं निघालेले बघून मी विचारलं, "चाचा, मीटर बरोबर झालंय ना?"

"मीटर बरोबर है," चाचा म्हणाले. "ट्रायल बाकी है."

मला त्या माणसाचा तेव्हा इतका अभिमान वाटला, की मी स्वतःच जाऊन तोटीचा वॉशर बदलला.

* * *

आणि आता शेवटची तारीख. हा किस्सा मी कितीही वेळा सांगितला तरी ज्ञानोबाला पुन्हा ऐकायचा असतो.

लातूरहून शिरूर अनंतपाळच्या बाजूला निघालो. टाकी काठोकाठ. वाघमारे साहेब खिडकीशी, मधे मी आणि चाचा दाटीवाटीनं. साहेबांनी सुरुवातीच्या दगडापाशी मीटरचा आकडा टिपला. पुढचा दगड आला, मीटर जुळलं. त्याच्या पुढचा, जुळलं. साहेबांची पाठ सीटला टेकली. ज्ञानोबा स्टिअरिंगवर बोटं वाजवायला लागला. हा गडी आता रोज घरी जेवणार, असं मला वाटायला लागलं.

आणि एक किलोमीटर झाला तरी दगड येईना.

मीटरचा आकडा पलटला, पुढं सरकला, आणखी सरकला. ज्ञानोबाची बोटं थांबली. चाचांनी भिंग डोळ्याला लावलं, जसा काही दोष मीटरच्या काचेत आहे. बऱ्याच अंतरानं एका गावाच्या वेशीपाशी दगड आला. नुकताच पांढरा केलेला, वर लातूर आणि खाली किलोमीटरचा आकडा.

"मीटर जास्त दाखवतंय," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "जास्त दाखवणारं मीटर मला चालत नाही, ज्ञानोबा. उद्या लोक म्हणतील, न धावता धावल्याचं सांगतो."

ज्ञानोबानं गाडी बंद केली. "साहेब, मागचे सगळे जुळले की," एवढंच तो म्हणाला, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. चाचा दुवा पुटपुटत होते.

तेवढ्यात वेशीवरची माणसं गोळा झाली. पुढं एक आजोबा, डोक्याला पटका, हातात काठी. टँकर बघून चेहरा खुललेला. साहेब खाली उतरले, दगडाभोवती एक फेरी मारली, वाकून बघितलं. बुडाची माती ताजी होती.

"आजोबा, हा दगड इथंच होता का आधीपासून?"

"न्हाई," आजोबा सरळ म्हणाले. "आधी तिकडं व्हता, त्या बाभळीच्या पल्याड. आमी आनला हिकडं."

"का?"

आजोबांना प्रश्नच विचित्र वाटला. "साहेब, आधी जिल्हा कुठं व्हता, उस्मानाबादला. जिल्ह्याचा कागद म्हनलं तरी दोन दिस मोडायचे. आता लातूर जिल्हा झाला. जिल्हा जवळ आला म्हनून सगळे सांगून ऱ्हायलेत. मग दगड लांब ठिवून कसं चालंल? पाव्हनं येतेत, दगड वाचतेत, म्हनतेत गाव लांब हाय, आन् पोरगी देत न्हाईत. म्हनून सगळ्यांनी मिळून हा कमी आकड्याचा दगड उपटला आन् वेशीत आनून रोवला."

कुणी हसलं नाही. आजोबा काही चुकीचं सांगत आहेत असं तिथं कुणालाच वाटत नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग ते आजोबांना शांतपणे म्हणाले, "या दगडामुळं हा टँकर नापास होतोय. हा नापास झाला तर पाणी यायला आणखी वेळ लागेल."

आजोबांनी टाकीकडे बघितलं, मग दगडाकडे, मग गर्दीतल्या बायकांकडे. काठी बाजूला टाकली आणि चार गड्यांना हाक मारली. पहार आली. बघता बघता दगड उपटून आडवा केला.

"सांगा साहेब," आजोबा धापा टाकत म्हणाले, "कुठं रोवू?"

बाभळीच्या पलीकडची जुनी जागा नांगरटीत गेलेली होती, कुणालाच नेमकी दाखवता येईना. साहेबांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. मग केबिनमध्ये बघितलं.

"गाडी मागच्या दगडापाशी न्या," ते ज्ञानोबाला म्हणाले, "आणि तिथून परत या. मीटर एक किलोमीटर दाखवेल तिथं दगड रोवायचा."

चाचांच्या डोळ्यावरचं भिंग खाली पडलं. मी ते उचलून त्यांच्या खिशात घातलं.

दगड टाकीच्या मागच्या पायरीवर बांधला. मागच्या दगडापासून ज्ञानोबानं गाडी अशी चालवली, जशी काही टाकीत पाणी नाही, लोणी भरलंय. मीटरचा आकडा पलटला आणि गाडी थांबली. गड्यांनी तिथं खड्डा घेतला, दगड उभा केला, बुडाला मुरूम ठासला. साहेबांनी बॉनेटवर कागद ठेवून सही केली आणि कागद ज्ञानोबाच्या हातात दिला. ज्ञानोबानं तो उलटा धरला होता.

आजोबा नव्या जागेवरून आपल्या गावाकडे बघत उभे होते. गाव तिथून बरंच लांब दिसत होतं. मग ते ज्ञानोबाच्या खिडकीपाशी आले, साहेब ऐकत नाहीत ना ते बघितलं आणि हळूच म्हणाले,

"तुझी गाडी पास झाली न्हवं? मग तू उद्या ये पानी घिऊन. दगडाचं आमी बघतो."